डिस्क भरलीय, पण कशाने?

या अंकातले सगळे प्रश्न लिनक्सच्या भरलेल्या डिस्कबद्दल आहेत. कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय, बाकी सगळी स्मॉल.

प्रश्न : अप्पा बळवंत चौकात आमचं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. दुकानातल्या उबुंटू सर्व्हरचं ५० जीबीचं मूळ पार्टिशन शंभर टक्के भरलं. बिलिंगच्या प्रोग्रामची २३ जीबीची लॉग फाइल सापडली, ती आरएम करून उडवली. तरी डिस्कची भरलेली जागा दाखवणाऱ्या 'डीएफ -एच' मधला आकडा जागचा हलला नाही. फाइल तर दिसत नाही, मग जागा कोण अडवून बसलंय?

उत्तर : तुमचा बिलिंगचा प्रोग्रामच. आरएमने फाइलचं नाव जातं, मजकूर लगेच जात नाही. चालू प्रोग्रामने ती फाइल उघडून ठेवली असेल, तर तो ती बंद करेपर्यंत डिस्कवरचे ब्लॉक सुटत नाहीत. डीयू (फोल्डरांतल्या फाइलींची बेरीज करणारी कमांड) नावं धरून मोजतं, म्हणून त्याला ती दिसत नाही. डीएफ थेट फाइलसिस्टिमचा हिशेब वाचतं, त्यात ती आहेच. दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली की पहिला संशय इथेच घ्यायचा.

खात्री करायला 'सुडो एलएसओएफ +एल१' द्या, यातला एल कॅपिटल. (सुडो म्हणजे कमांड रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, हक्काने चालवणं.) नाव उडालेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइलींची यादी येते, ओळीच्या शेवटी 'डिलीटेड' लिहिलेलं असतं. पीआयडीच्या रकान्यातला प्रोसेस क्रमांक आणि एफडीच्या रकान्यातला आकडा टिपून घ्या. सरळ उपाय म्हणजे 'सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट' देऊन ती सर्व्हिस बंद-चालू करणं; जागा तिथल्या तिथे सुटते. काउंटरवर गिऱ्हाईक उभं आहे आणि बिलिंग बंद करता येत नाही, असं असेल तर दुसरा रस्ता आहे: उघडी फाइल आतून रिकामी करायची. समजा, प्रोसेस २१४३ आणि एफडी '५डब्ल्यू' दिसतंय. तर 'सुडो ट्रंकेट -एस ० /प्रॉक/२१४३/एफडी/५'. डब्ल्यू म्हणजे लिहिण्यासाठी उघडलेली. ते अक्षर टाइप करायचं नाही.

पुढच्या वेळी चालू लॉगवर आरएम चालवूच नका. 'ट्रंकेट -एस ०' आणि पुढे फाइलचं नाव, बस. काही प्रोग्राम फाइलच्या शेवटाला जोडून लिहिण्याच्या पद्धतीने ती उघडत नाहीत. ते ट्रंकेटनंतरही आपल्या जुन्या जागेपासूनच पुढे लिहितात आणि 'एलएस -एल' पुन्हा २३ जीबी दाखवायला लागतं. घाबरायचं कारण नाही, मधला भाग पोकळ असतो. डीयू खरा, छोटा आकडा सांगतं.

कायमचा बंदोबस्त '/ईटीसी/लॉगरोटेट.डी/' मध्ये; लॉगरोटेट हा वाढलेले लॉग छाटणारा प्रोग्राम. या लॉगच्या नावाने एक फाइल करून त्यात आधी लॉग फाइलचा पूर्ण पाथ लिहा आणि त्यापुढच्या महिरपी कंसात 'साइझ १००एम' (एम कॅपिटल), 'रोटेट ४', 'कॉम्प्रेस' आणि 'कॉपीट्रंकेट' अशा चार ओळी ठेवा. कॉपीट्रंकेटमुळे प्रोग्राम थांबवावा लागत नाही. नक्कल आणि छाटणी यांच्यामधल्या क्षणातल्या एक-दोन ओळी हरवू शकतात, बिलिंगच्या लॉगला ते चालतं. एक गोष्ट मात्र लोक विसरतात. लॉगरोटेट सहसा दिवसातून एकदाच चालतं, त्यामुळे सकाळी अकराला लॉगने १०० एमबी ओलांडले तरी पुढची फेरी येईपर्यंत तो फुगतच राहणार. लॉग इतका मोठा होतोय, तर त्याची पातळी 'डीबग' (सगळं बारीकसारीक टिपणारी) वर राहून गेलीय का, हे आधी बघा.

काय भरलंय हेच माहीत नसेल त्यांनी 'सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच' चालवावं. सगळ्यात खाली एकूण बेरीज, तिच्या वरच्या ओळीत सर्वांत जड फोल्डर. मग '/' च्या जागी त्या फोल्डरचं नाव घालून पुन्हा तेच, असं उतरत जायचं. 'एक्स' गाळू नका. तो नसेल तर डीयू दुसऱ्या डिस्कांतही शिरतं आणि बेरीज भलतीच येते. डीयूचंच काम करणारं एनसीडीयू हाताळायला जास्त सोपं आहे, पण भरलेल्या डिस्कवर ते इन्स्टॉल करायलाही जागा लागते. आधी 'सुडो एपीटी क्लीन' करा, मग 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम' द्या, इथेही एम कॅपिटल. जर्नलला (सिस्टिमच्या स्वतःच्या लॉगला) वेगळी मर्यादा घातली नसेल तर तो पार्टिशनच्या १० टक्क्यांपर्यंत, पण ४ जीबीच्या आतच वाढतो. तेवढ्यात श्वास घेण्यापुरती जागा होते.

प्रश्न : हडपसरला एका कंपनीत सहा लिनक्स मशिन सांभाळतो. त्यातल्या एकावर अपडेट 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणून अडकतं, आणि '/होम' मध्ये तर ३०० जीबी मोकळे आहेत.

उत्तर : भरलंय ते '/बूट'. ते वेगळं आणि ५१२ एमबीच्या आसपासचं पार्टिशन असेल, तर तीन-चार कर्नल (लिनक्सच्या गाभ्याच्या आवृत्त्या) साठले की संपलं. 'युनेम -आर' देऊन सध्याचा कर्नल कोणता ते कागदावर लिहा. त्याला हात लावायचा नाही. मग 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज'. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

नाही भागलं तर एपीटी स्वतःच अर्धवट बसलेल्या नव्या कर्नलपाशी अडकलेलं असतं: तो पुरा केल्याशिवाय ते काही काढू देत नाही, आणि पुरा करायला जागा नाही. अशा वेळी '/बूट' मधली सर्वांत जुन्या कर्नलची 'इनिटआरडी.आयएमजी' ने सुरू होणारी फाइल तेवढी हाताने काढा, 'सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल' ने अडकलेलं काम पुरं होऊ द्या आणि मग तोच जुना कर्नल 'एपीटी पर्ज' ने रीतसर काढा. हा शेवटचा टप्पा गाळला तर पुढच्या एखाद्या अपडेटला ती फाइल पुन्हा तयार होऊ शकते. चालू कर्नल आणि त्याच्या आधीचा एक, असे दोन राहू द्या.

प्रश्न : धनकवडीतल्या आमच्या शिकवणीवर्गाची वेबसाइट ४० जीबीच्या भाड्याच्या सर्व्हरवर आहे. ११ जीबी शिल्लक दिसतात, तरी एक नवी फाइल तयार होत नाही.

उत्तर : 'डीएफ -आय' चालवा, वापर १०० टक्के दिसेल. संपल्यात त्या आयनोड, म्हणजे फाइलसिस्टिममधल्या फाइलींच्या नोंदीच्या जागा. प्रत्येक फाइलला, मग ती चार अक्षरांची का असेना, एक आयनोड लागते. ईएक्सटी४ या फाइलसिस्टिममध्ये त्यांची संख्या पार्टिशन फॉरमॅट करतानाच ठरते, नेहमीच्या हिशेबाने दर १६ केबीला एक. ४० जीबीला साधारण २६ लाख. नंतर ती तशीच वाढवता येत नाही. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस आयनोड लागेल तशी तयार करतात, तिथे हा प्रश्न क्वचितच येतो.

'सुडो डीयू --आयनोड्स -एक्स --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एन' ने फोल्डरागणिक फाइलींची संख्या मिळते. पीएचपीवरच्या साइटला दोन जागा आधी तपासा: सेशनचा (साइटवर येणाऱ्यांच्या तात्पुरत्या नोंदींचा) फोल्डर आणि '/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/मेलड्रॉप'. क्रॉनचं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) प्रत्येक काम आपलं आउटपुट मेलने पाठवतं. मेलची यंत्रणा बंद पडलेली असेल तर दर पाच मिनिटांना एक फाइल त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये मुकाट पडत राहते. डेबियन-उबुंटूवर पीएचपीचे जुने सेशन साफ करणारा टायमर असतो, पण तुमच्या साइटने स्वतःचा वेगळा फोल्डर धरला असेल तर तो तिथवर पोचत नाही.

लाखो फाइलींवर 'आरएम *' चालत नाही, 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' म्हणून परत येतं. फाइंड वापरा: आधी 'सुडो फाइंड', फोल्डरचं नाव, '-टाइप एफ -एममिन +१४४०' एवढंच देऊन पहिल्या काही ओळी नजरेखालून घाला. ही २४ तासांपेक्षा जुन्या फाइलींची यादी. बरोबर वाटली तर तीच कमांड शेवटी '-डिलीट' लावून. शेवटीच. फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासतं, '-डिलीट' आधी आलं तर कालचं-आजचं न बघता सगळा फोल्डर साफ होतो.

प्रश्न : भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. ड्रॉइंगच्या फाइली रोज रात्री स्क्रिप्टने '/बॅकअप' इथे लावलेल्या यूएसबी डिस्कवर जातात. मूळ पार्टिशन ९८ जीबीचं. डीएफ ९२ जीबी भरले म्हणतं, डीयू फक्त ३१. 'एलएसओएफ +एल१' मध्ये काहीच नाही.

उत्तर : ६१ जीबी '/बॅकअप' च्या खाली गाडले गेलेत. एखाद्या गुरुवारी लाइट जाऊन आल्यावर मशिन सुरू झालं, यूएसबी डिस्क झाली नाही. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती डिस्क कुठे लावायची त्या यादीत) 'नोफेल' असेल तर मशिन तिच्यावाचून निमूट उठतं. '/बॅकअप' हा तेव्हा मूळ पार्टिशनवरचा साधा फोल्डर असतो आणि स्क्रिप्ट त्यातच लिहीत सुटते. पुढे डिस्क परत लागली की तो साठा तिच्याखाली झाकला जातो. डीयूला तो दिसत नाही, डीएफला दिसतो.

'सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/मूळ', मग 'सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ'. या खिडकीतून मूळ पार्टिशन वर लावलेल्या डिस्कांशिवाय दिसतं. 'सुडो डीयू -एसएच /एमएनटी/मूळ/बॅकअप' ने आकडा पडताळा. काढण्याआधी तारखा बघा: त्या दिवसांचा बॅकअप फक्त इथेच असू शकतो, तो यूएसबी डिस्कवर हलवा आणि मगच इथला काढा. काम झाल्यावर 'सुडो यूमाउंट /एमएनटी/मूळ', त्यानंतर 'सुडो आरएमडीआयआर'. फोल्डर काढायला 'आरएम -आरएफ' चुकूनही नको. बाइंड सुटलेलं नसेल तर ती कमांड अख्खी मूळ सिस्टिम खाईल. आरएमडीआयआर रिकाम्या नसलेल्या फोल्डरला हात लावत नाही.

पुन्हा घडू नये म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला ही ओळ घाला: 'माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप || एक्झिट १'. शिवाय यूएसबी डिस्क काढलेली असताना रिकाम्या फोल्डरवर एकदा 'सुडो सीएचएटीटीआर +आय /बॅकअप' करून ठेवा. मग डिस्क नसताना त्यात रूटलाही लिहिता येत नाही, आणि डिस्क लागली की तिच्यावर लिहायला काही अडचण नाही.

प्रश्न : कसबा पेठेत फोटो स्टुडिओ आहे. २ टीबीच्या ईएक्सटी४ डिस्कवर गणपतीचे आणि लग्नांचे फोटो. वापरलेली जागा एकूण जागेपेक्षा कमी दिसते, तरी शिल्लक शून्य.

उत्तर : ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं, २ टीबीला ती सुमारे १०० जीबी होते. डिस्कवर नुसते फोटोच असतील तर 'सुडो ट्यून२एफएस -एम ० /डेव्ह/एसडीबी१' ने ती सोडवा, यात 'एम' स्मॉल. एसडीबी१ च्या जागी तुमच्या पार्टिशनचं नाव, ते 'एलएसबीएलके' सांगेल. डिस्क काढावी लागत नाही, फोटोंना धक्का लागत नाही. सिस्टिम असलेल्या मूळ पार्टिशनवर मात्र हे करू नका. ते भरतं तेव्हा रूटला आत शिरून साफसफाई करता येते ती या राखीव जागेमुळेच.