लाकूड कोरून झालं, आता वर काय मारू?

दर आठवड्याला हाच प्रश्न येतो, आणि येतो तोही काम पूर्ण झाल्यावर. फिनिश काय द्यायचं ते पहिली पटाशी मारायच्या आधी ठरवायचं असतं हो! असो.

प्रश्न: खोबरेल तेल चालेल का? घरात आहेच.

नाही. ते वाळत नाही, धूळ धरतं.

प्रश्न: दुकानदार 'टीक ऑइल' घ्या म्हणतो, सागाचंच असतं म्हणे.

म्हणे! नाव सागाचं, डब्यात बहुतेक जवसासारखं तेल, थिनर आणि थोडं वार्निश. डब्यावरची बारीक अक्षरं वाचा नि मग पैसे द्या.

प्रश्न: सागवानावर गणपती कोरलाय. ग्लॉसी पीयू (पॉलीयुरेथेनचं चकचकीत वार्निश) मारला की आरशासारखा होईल असं सुतार म्हणतो. मारू का?

आरसा हवा तर आरसा आणा. उठावाच्या कामात सगळी गंमत सावलीची, अर्ध्या इंचाच्या खोलीत सोंड पुढे आलेली दिसते ती सावलीमुळेच, आणि ग्लॉसवर प्रत्येक कडेला दिवा चमकतो नि सावली मरते, वर खाचांत पीयू साचतो, पटाशीचे कट बुजतात, कडक झाल्यावर ते उकरत बसा. स्प्रेवाल्याचा रेट चौरस फुटावर, त्याला सोंड काय नि कपाटाचं दार काय! त्यापेक्षा लाखेचं पॉलिश करा, लिटरभर स्पिरिटला १०० ते १२० ग्रॅम चपडी (लाखेच्या पापड्या), दोन पातळ हात, वाळल्यावर थोडंसं मेण नि सुका ब्रश. मात्र देवघरात पाणी सांडणार, गरम समई टेकणार, तिथे लाखेवर पांढरे डाग पडतात, मग मॅट पीयू, तोही पातळच. आधी त्याच फळीच्या तुकड्यावर चार खाचा कोरून लावून बघा आणि तो तुकडा एखाद्या जुन्या पॉलिशवाल्याला दाखवा.

प्रश्न: जवसाचं तेल लावून तीन आठवडे झाले, अजून चिकट आहे.

कच्चं तेल, तेही जाड लावलंत. टर्पेंटाइनने पुसून घ्या. आणि तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतो. मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

प्रश्न: वाड्याच्या दारावरच्या गणेशपट्टीवर जुना ऑइलपेंट आहे. ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून काढू?

अजिबात नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं, शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. ती धूळ घरभर जाईल, पोरांच्या पोटात जाईल, आणि गणपतीचं नाक सपाट होईल ते वेगळंच. जुन्या लाकडाचं जतन करणाऱ्या जाणकाराला आधी दाखवा. ग्राइंडर भाड्याचा असेल तर आजच परत करा, रोजचं भाडं कशाला भरताय.