पद, पगार आणि आपली खरी पायरी

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत दोन-तीन वर्षांतही ‘सीनियर इंजिनीअर’ हे पद मिळू शकते, म्हणून व्हिजिटिंग कार्डावरून आपली पायरी ठरवू नका. फिक्स्चरचे (यंत्रावर सुटा भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाचे) ड्रॉइंग तुमच्या सहीने टूलरूमला, म्हणजे अशी साधने बनवणाऱ्या विभागाला, जाते का, आणि रात्रपाळीत रिजेक्ट झालेल्या मालामागचे मूळ कारण कोणी न सांगता तुम्ही शोधून काढता का, हे पाहा. साहेबांना विचारल्याशिवाय पान हलत नसेल, तर तुम्ही अजून कनिष्ठच आहात. पगार तोलताना सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाच्या, आकड्याला भुलू नका (सगळेच भुलतात), कारण त्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतील, सहसा मूळ वेतनाच्या 12 टक्के असणारा हिस्सा आणि बहुधा 4.81 टक्के ग्रॅच्युइटीही धरलेली असते. पुण्यातल्या मित्राशी तुलना करायचीच असेल, तर त्याचे घरभाडे आधी वजा करा.