गॅस की हार्ट?

पोटातल्या गॅसमुळे हृदयाचे ठोके चुकतात का, हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे नेहमी येतो. त्याच्या पोटात बहुतेक वेळा दुसराच प्रश्न दडलेला असतो: मला काही होणार तर नाही ना?

कोथरूडचे एक गृहस्थ, चाळिशीतले, हिंजवडीत नोकरी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ट्रॅफिकमधून घरी पोचायला साडेनऊ, जेवण दहाच्या पुढे, आणि जरा आडवं झालं की छातीत धस्स व्हायचं. एक ठोका गळाल्यासारखा, मग एकदम दणका. दोनतीनदा मध्यरात्री कॅज्युअल्टी गाठून झाली होती. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून ठोक्यांची नोंद ठेवणारं यंत्र), सगळं पार पडलं. होल्टरवर अधूनमधून एक्स्ट्रा बीट्स दिसले, बाकी हृदय ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, "पोट सांभाळा आणि काळजी करू नका." काळजी न करणं कसं जमवायचं, ते मात्र राहूनच गेलं. आई म्हणायच्या, "गॅसच आहे रे, ओवा खा." बायको म्हणायची, "अहो, तुम्ही टेन्शन फार घेता."

"मॅडम, म्हणजे हे सगळं माझ्या मनाचेच खेळ?"

नाही, ठोका खरोखरच चुकतो. होल्टरने तो पकडलाय. जठर आणि हृदय यांच्यामध्ये जेमतेम श्वासपटलाचा पडदा असतो. पोट फुगलं की तो वर ढकलला जातो. शिवाय मेंदूतून निघणारी व्हेगस नावाची नस अन्ननलिका, जठर आणि हृदय या सगळ्यांना शाखा देते, त्यामुळे एकीकडची कुरबुर दुसरीकडे पोचू शकते. रोमहेल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीलाच पोट फुगल्यावर होणाऱ्या अशा त्रासाचं वर्णन केलं होतं. एक्स्ट्रा बीट वेळेआधी पडतो, त्यानंतर हृदय क्षणभर थांबतं, तेवढ्यात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका दणकून लागतो. तोच आपल्याला जाणवतो. मग भीती वाटते, अ‍ॅड्रिनलिन वाढतं, श्वास भरभर होतो, गिळलेली हवा पोटात जाते आणि पुन्हा पोट फुगतं.

हे कळल्यावर ते थोडे सैलावले. मग मी त्यांना एक वही ठेवायला सांगितली: काय खाल्लं, किती वाजता, झोपलात कुठल्या कुशीवर, आणि भीती दहापैकी किती. त्या वहीतून जे निघालं ते मजेशीर होतं. मोठा गुन्हेगार निघाला सोडा. गॅस जावा म्हणून ते रोज जेवल्यावर बाटलीभर सोडा प्यायचे, म्हणजे गॅसवर गॅस! दुसरी गोष्ट डाव्या कुशीची. अ‍ॅसिडिटीला ती कूस बरी असं वाचून ते तसे झोपायचे. ते चूक नव्हे, पण त्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला अधिक टेकतं आणि ठोके जास्त जाणवतात. जेवण आठाच्या सुमारास ऑफिसमध्येच, घरी नुसतं ताक, आणि आडवं होण्याआधी दोनतीन तासांचं अंतर, इतकं ठरलं. स्मार्टवॉच रात्री दुसऱ्या खोलीत. ही शेवटची अट पाळणं त्यांना सगळ्यात जड गेलं.

गोळ्यांचा विषय मी त्यांच्या डॉक्टरांवर सोपवला, पण विचारायला लावलंच. ते महिनोन्‌महिने स्वतःहून अ‍ॅसिडिटीची गोळी घेत होते. यांतल्या काही गोळ्या फार काळ घेतल्या तर काहींच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं, आणि त्यानेही ठोके बिघडू शकतात. काही गोळ्यांत जोडीला डॉमपेरिडोन असतं, तेही काही जणांच्या हृदयाच्या लयीवर परिणाम करू शकतं. मेडिकलवाल्याला विचारून चालवायचं औषध नाही हे.

मी स्वतः 'गॅसच असेल' या वाक्याला फार भिते. हार्ट अटॅक कधीकधी हुबेहूब अ‍ॅसिडिटीसारखा येतो, विशेषतः मधुमेही आणि बायकांमध्ये. त्यामुळे आधी तपासणी, मग समुपदेशन, हा क्रम मी मोडत नाही. छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं, धाप, चक्कर, बेशुद्धी यांतलं काही असेल तर ओवा-सोडा बाजूला ठेवून १०८ ला फोन करायचा. हे गृहस्थांना लिहून दिलंय, कारण भीती कमी झाली की माणूस नको तिथेही निर्धास्त होतो.

ठोका अजूनही अधूनमधून चुकतो. आता ते उठून पाणी पितात, चारपाच लांब श्वास सोडतात आणि पुन्हा झोपतात. रविवारची मिसळ मात्र सुटलेली नाही. वहीत तिच्या नावापुढे एकदाही त्रासाची नोंद नव्हती.