आर्काइव्ह केलेला मेल जातो कुठे?

प्रश्न : तारकर्लीला आमचं होमस्टे आहे. बुकिंगचे मेल फोनवर जीमेलमध्ये वाचून झाले की मी बोटाने बाजूला सारतो. ते पुसले गेले असं समजत होतो. पण पाहुण्याचं उत्तर आलं की जुना मेल पुन्हा वर येतो, आणि जागा संपत आल्याची सूचनाही जात नाही. असं का?
– एक वाचक, तारकर्ली

उत्तर : तुमचे मेल पुसले जातच नाहीत, आर्काइव्ह होतात. मराठी मेनूत त्याला 'संग्रहित करा' म्हटलंय. जीमेलमध्ये आर्काइव्हचा वेगळा कप्पा नसतो. मेलवरचं 'इनबॉक्स' हे लेबल तेवढं निघतं आणि मेल 'सर्व मेल'मध्ये तसाच राहतो. म्हणून उत्तर आलं की अख्खं संभाषण इनबॉक्समध्ये परततं, आणि जागाही अडलेलीच राहते. (उत्तरंही नको असतील तर 'म्यूट' करा.) आउटलुकमध्ये मात्र आर्काइव्ह हा खराखुरा फोल्डर आहे. एकाच नावाखाली दोन वेगळी कामं, त्यामुळे दोन्ही वापरणाऱ्यांची फसगत ठरलेलीच. नावं देताना हा विचार व्हायला हवा होता.

बुकिंगचे मेल आर्काइव्हच करत राहा. आगाऊ रकमेवरून वाद झाला तर तोच पुरावा. जाहिराती मात्र 'हटवा'. डावीकडे सारल्यावर मेल हटावा असं वाटत असेल तर सेटिंग्ज, मग जनरल सेटिंग्ज, तिथे स्वाइप अ‍ॅक्शन्समध्ये तेवढी एक बाजू बदला.

जागेसाठी कॉम्प्युटरवर जीमेल उघडा. शोधपट्टीच्या उजव्या टोकाचं चिन्ह दाबून आकार १० एमबीपेक्षा मोठा असं निवडा. नको ते मेल हटवा आणि लगेच ट्रॅशही रिकामा करा. ट्रॅशमधले मेल ३० दिवसांनी आपोआप जातात, तोवर जागा धरून बसतात. मोफत १५ जीबीमध्ये ड्राइव्ह आणि फोटोही मोजले जातात, तेही तपासा.

प्रश्न : चुकीच्या व्यापाऱ्याला गेलेलं आंब्याचं दरपत्रक 'अनडू सेंड'ने परत घेता येईल का?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर : एकदा पोचल्यावर नाही. जीमेल मेल ५ सेकंद रोखून धरतं, तेवढ्यातच रद्द करता येतं. कॉम्प्युटरवर सर्व सेटिंग्जमध्ये जनरल टॅबवर ही मुदत ३० सेकंदांपर्यंत वाढवा आणि खाली 'बदल सेव्ह करा' दाबा. ते राहिलं तर मुदत ५ सेकंदच राहते.