धान्यवाटपात एआय: पोत्यांचा हिशोब द्या, नावं कापायला देऊ नका

पूर-दुष्काळाच्या मदतीत धान्य वाटायला एआयचा खरंच उपयोग होतो की नुसता गाजावाजा, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकमध्ये रेशन दुकान चालवतो. माझं मत सरळ आहे: माल किती, कुठे आणि कुठल्या वाटेनं पाठवायचा यासाठी जरूर वापरा. कोणाला द्यायचा हे त्याच्यावर सोडलं की घोळ झालाच म्हणून समजा.

पहिल्या कामाबद्दल फारसा वाद नाही. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे 'ऑप्टिमस' नावाचं सॉफ्टवेअर आहे. धान्य कुठून घ्यायचं, कसं न्यायचं, पोषण न घटवता खर्च कुठे वाचेल, ही गणितं ते मांडतं. २०२१ साली त्यांना असं गणित प्रत्यक्ष कामात वापरल्याबद्दल दिला जाणारा फ्रान्झ एडेलमन पुरस्कार मिळाला. (हे मुळात गणितच, हल्ली सगळ्यालाच एआय म्हणतात.)

माणसं निवडायची म्हटलं की गंमत संपते. टोगोमध्ये कोरोनाकाळात उपग्रहचित्रं आणि मोबाईलच्या वापरावरून गरीब ओळखून थेट पैसे दिले. हाताशी धड यादीच नव्हती, तिथे ठीक. पण ज्याच्याकडे मोबाईलच नाही त्याचं काय? तेलंगणात 'समग्र वेदिका' या सरकारी संगणक प्रणालीनं वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जुळवल्या, त्यात नसलेली गाडी नावावर दिसली म्हणूनही रेशनकार्ड गेलं. शेवटी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला रद्द कार्डं प्रत्यक्ष जाऊन तपासायला सांगावं लागलं.

आमच्याकडे बघा. द्राक्षछाटणीला सुरगाणा-पेठची माणसं दिंडोरी-निफाडला उतरतात. कुणी इकडेच धान्य उचलतं, पण बऱ्याच जणांचं त्या महिन्याचं राहूनच जातं. मशीनला काय दिसणार? 'उचल नाही', म्हणजे गरज नाही! बागेत राबून बोटांच्या रेघा झिजलेल्या असतात. दुकानातल्या ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटत नाही, मग "मावशी, बोट पुसा, आता दुसरं लावा" असं चालतं. तेवढ्यात रेंज जाते. त्या फसलेल्या अंगठ्यांवरून कोणी 'संशयित कार्डं' काढायला बसलं तर निम्मी खरी गरजू माणसंच सापडतील.

तुमची संस्था असं सॉफ्टवेअर घेणार असेल, तर विकणाऱ्याला आधी एवढंच विचारा: नाव चुकून कटलं तर त्या बाईनं कोणाकडे जायचं, आणि निकाल लागेपर्यंत तिचं धान्य चालू राहणार का?