युवा अप्रेंटिसशिपचं सिटी कमिशन : पाठिंबा द्या, पण मसुद्यात आधी हे घालून घ्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही राहता त्या अमेरिकन शहराच्या सिटी कौन्सिलपुढे एक सल्लागार कमिशन स्थापण्याचा प्रस्ताव आलाय. पोलीस, फायर, ॲम्ब्युलन्स आणि ९११ (आणीबाणीचा फोन नंबर) या खात्यांत तरुण मुलांना पगारी शिकाऊ जागा मिळाव्यात आणि त्या योजनेवर नागरिकांच्या मंडळाने लक्ष ठेवावं, असा हेतू आहे. मसुद्यावर लोकांचं म्हणणं मागवलंय. याने खरंच काही होतं का, मसुद्यात काय सुचवावं, आणि एच-४ व्हिसावर (एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असलेल्या तुमच्या सतरा वर्षांच्या मुलीने सदस्यत्वासाठी अर्ज करावा का, हे तुम्हाला हवंय. मी इथल्याच एका मध्यम आकाराच्या शहरात सल्लागार कमिशनवर दोन टर्म काढल्यात, त्यावरून सांगतो.

उपयोग होतो. पण तो कमिशनवर कोण बसलंय यावर फारसा अवलंबून नसतो. कमिशनने विचारलेल्या गोष्टीला उत्तर देणं खात्यांवर बंधनकारक आहे का, यावर सगळं ठरतं. तुमच्या मसुद्यात सदस्य किती, कुठल्या डिस्ट्रिक्टमधून किती, टर्म किती वर्षांची, याला भरपूर जागा दिलीय आणि कामाबद्दल एकच ओळ आहे, ‘कौन्सिलला सल्ला देईल.’ हे असंच पास झालं तर दर महिन्याला चहा-कॉफीची सोय होईल, एवढंच.

अशा कमिशनची बैठक कशी होते ते बघा. संध्याकाळी खात्याचा अधिकारी गणवेशात येतो, स्लाइड दाखवतो. पाण्याचा होज धरून हसणाऱ्या मुलांचे फोटो असतात. दोघं-तिघं सदस्य ‘फारच छान उपक्रम’ म्हणतात. मग कोणीतरी विचारतं, गेल्या तुकडीतली किती मुलं खात्यात नोकरीला लागली? ‘आकडे काढून पाठवतो.’ अध्यक्ष ‘रिसीव्ह अँड फाइल’चा ठराव मांडायला सांगतात, सगळे ‘आय’ म्हणतात आणि अहवाल दप्तरी दाखल. पुढच्या महिन्यात तो आकडा कोणी मागत नाही, कारण मागायचा कोणाला हेच ठरलेलं नसतं. अधिकारी लबाड असतो असं नाही. त्याच्या टेबलावर शंभर कामं असतात आणि यातलं एकही तारखेने बांधलेलं नसतं.

म्हणून तुमच्या कॉमेंटमध्ये पहिली मागणी ही ठेवा : कमिशनच्या प्रत्येक लेखी शिफारशीला संबंधित खात्याच्या प्रमुखाने साठ दिवसांत लेखी उत्तर द्यावं, मान्य की अमान्य आणि का. दुसरी मागणी वार्षिक अहवालाची. तो कौन्सिलच्या अजेंड्यावर चर्चेचा विषय म्हणून यावा. ‘कन्सेंट कॅलेंडर’वर टाकला तर दहा-पंधरा किरकोळ बाबींबरोबर एका मतदानात निघून जातो, कोणी पान उलटत नाही. आणि तो बजेटच्या आधी यावा. बऱ्याच शहरांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणजे बजेटची खरी ओढाताण वसंतात होते. सप्टेंबरात दिलेली सुंदर शिफारस पुढच्या वर्षापर्यंत शिळी झालेली असते.

कमिशनचा स्टाफ कोण, हेही विचारा. अजेंडा तयार करणारा माणूस पोलीस खात्याचा असेल तर पोलीस खात्याला अडचणीचा विषय अजेंड्यावर यायला फार वेळ लागतो. सिटी मॅनेजरचं कार्यालय किंवा एचआर बरं. शिवाय हे नुसत्या रेझोल्यूशनने (कौन्सिलच्या साध्या ठरावाने) होतंय की ऑर्डिनन्सने (शहराच्या कायद्याने), तेही पाहा. रेझोल्यूशन पुढचं कौन्सिल एका बैठकीत मोडीत काढू शकतं. ऑर्डिनन्स म्युनिसिपल कोडमध्ये, म्हणजे शहराच्या कायद्यांच्या संग्रहात, जातो, तो काढायला निदान पुन्हा सगळी प्रक्रिया करावी लागते.

आता असं कमिशन मिळालंच, तर त्याने आधी कशाला हात घालावा? माझं मत ठाम आहे : वयाच्या खिंडीला.

मूल अठराव्या वर्षी हायस्कूलमधून बाहेर पडतं. पण पोलीस अधिकारी व्हायला अनेक ठिकाणी एकवीस पूर्ण लागतात. कॅलिफोर्नियाने तर २०२२पासून राज्यभर अठराची अट वाढवून एकवीस केली. मधली तीन वर्षं मुलाने करायचं काय? सोळाव्या वर्षी उत्साहाने आलेला मुलगा अठराव्या वर्षी गोदामात किंवा हॉटेलात लागतो, तिथे बढती मिळते, आणि एकविसाव्या वर्षी तो परीक्षेला येतच नाही. याला उपाय म्हणजे मधल्या वर्षांत खात्यातच खरी, पगाराची कामं देणं : रेकॉर्ड्स, पुराव्याची खोली, बिनशस्त्र कम्युनिटी सर्व्हिस ऑफिसर, फायर प्रिव्हेन्शनची तपासणी, बहुतेक राज्यांत अठराव्या वर्षी घेता येणारा इएमटी (ॲम्ब्युलन्सवर प्राथमिक उपचार करणाऱ्याचा) परवाना, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा, ९११चा डिस्पॅच, म्हणजे फोन घेऊन मदतीच्या गाड्या पाठवणारा कक्ष.

डिस्पॅचच्या खोलीत नवशिक्या आधी नुसता ऐकतो. त्याचा हेडसेट शिकवणाऱ्याच्याच कन्सोलला जोडलेला असतो. फोनवर बाई रडत असते, तिला काय झालं ते सांगायचं असतं, आणि डिस्पॅचर तिला थांबवून आधी पत्ता विचारतो. नवख्याला हे निर्दय वाटतं. पण फोन तुटला तरी पत्त्यावर गाडी पाठवता येते, नुसत्या हकिकतीवर नाही; आणि मोबाइलवरून येणारं लोकेशन अपार्टमेंटचा मजला सांगेलच असं नसतं. ही शिस्त वर्गात शिकवून येत नाही, शेजारी बसूनच येते, म्हणून अप्रेंटिसशिपला हे काम अगदी बसतं. तरीही संघीय सरकारच्या २०१८च्या व्यवसाय-वर्गीकरणात या लोकांना कारकुनी गटात टाकलंय, आणि पगाराच्या वाटाघाटीत हा मुद्दा त्यांना नडतो. कमिशनने आवाज उठवावा अशी ही जागा आहे.

अप्रेंटिसशिप म्हणताना कुठली, हेही मसुद्यात पक्कं हवं. १९३७च्या नॅशनल अप्रेंटिसशिप ॲक्टखाली नोंदणी झालेल्या कार्यक्रमाला ठरलेली चौकट असते : किमान वय सोळा, तासांवर मोजला जाणारा कार्यक्रम असेल तर प्रत्यक्ष कामाचे निदान २००० तास, त्यासोबत वर्षाला साधारण १४४ तास शिक्षणाची शिफारस, कौशल्याबरोबर वाढत जाणारा पगार, आणि शेवटी दुसऱ्या शहरातही चालणारं प्रमाणपत्र. बहुतेक खात्यांत आज असतात ते एक्स्प्लोरर किंवा कॅडेट गट, म्हणजे खात्याची ओळख करून देणारे तरुणांचे गट. ते वाईट नाहीत, पण एक्स्प्लोररमध्ये पगार नसतो आणि शेवटी नोकरीची काही हमी नसते. खातं त्याच गटाला नवं नाव देऊन कौन्सिलपुढे आणण्याची शक्यता दाट असते. पगाराची श्रेणी दाखवा म्हटलं की लगेच कळतं.

सोळा-सतराच्या मुलांबाबत १९३८च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्टमधले धोकादायक कामांचे नियम आडवे येतात. अठरा पूर्ण नसतील तर वणवा विझवायला पाठवता येत नाही, आणि सोळाव्या वर्षी कामाचा भाग म्हणून रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. राज्याचे नियम त्याहून कडक असू शकतात. पण स्टेशनवर सकाळी पाळी बदलताना जे काम चालतं ते शिकता येतं : प्रत्येक श्वसन-सिलिंडरचा काटा बघायचा, मास्कची पकड तपासायची, कुठली वस्तू गाडीच्या कुठल्या कप्प्यात आहे ते न बघता सांगता आलं पाहिजे. कंटाळवाणं वाटतं, पण हेच खरं काम.

यापुढचा अडथळा सिव्हिल सर्व्हिसचा (सरकारी भरतीच्या नियमांचा) आणि युनियनचा. अप्रेंटिसशिप संपली म्हणून शहर मुलाला थेट नोकरी देऊ शकेलच असं नाही. बऱ्याच शहरांत परीक्षा, गुणवत्ता यादी, यादीतल्या वरच्यांतूनच निवड, असे नियम असतात. युनियनला आधी विश्वासात घेतलं नाही तर ‘स्वस्तात माणसं घुसवताय’ हा आक्षेप येणारच, आणि तो अगदीच चुकीचा नसतो. म्हणून युनियनच्या प्रतिनिधीला कमिशनवर जागा द्या. फायरच्या शारीरिक परीक्षेचंही तसंच. अनेक ठिकाणी वापरतात त्या ‘सीपॅट’मध्ये ५० पाउंडांचं जॅकेट घालून आठ प्रकार १० मिनिटं २० सेकंदांत करायचे असतात, आणि जिना चढताना आणखी २५ पाउंड खांद्यावर. ज्याच्या घरात कोणी फायरमध्ये आहे त्याला सराव कुठे करायचा ते माहीत असतं. बाकीच्यांसाठी सरावाची सोय अप्रेंटिसशिपमध्येच धरली पाहिजे.

हे मी एवढं ताणून का सांगतोय, त्याला पिट्सबर्गचं उदाहरण आहे. १९६७मध्ये तिथल्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये फ्रीडम हाऊस ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली. बहुतेक शहरांत तेव्हा ॲम्ब्युलन्स म्हणजे पोलिसांची व्हॅन किंवा अंत्यसंस्कारवाल्यांची गाडी. सीपीआर (छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याची पद्धत) रूढ करणाऱ्यांपैकी एक, डॉ. पीटर साफर, यांनी नोकरीच्या लायकीचे नाहीत म्हणून हिणवल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांना शिकवून देशातल्या अगदी पहिल्या पॅरामेडिकांपैकी (ॲम्ब्युलन्समध्येच उपचार करणाऱ्यांपैकी) काही घडवले. काम इतकं चांगलं की पुढे शहरानेच १९७५मध्ये स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊस बंद केली. करारात या लोकांना सामावून घ्यायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात नव्या परीक्षा आणि पूर्वीच्या गुन्ह्यांच्या नोंदी पुढे करून त्यातल्या अनेकांना बाहेर काढलं गेलं. प्रशिक्षण उत्तम होतं, माणसं तयार होती, दार मात्र नोकरीच्या पायरीवर बंद झालं. किती आले, किती शिकले, किती नोकरीत लागले आणि दोन वर्षांनी किती टिकले, हे चार आकडे वस्तीनिहाय दरवर्षी कमिशनसमोर यावेत असा माझा आग्रह त्यामुळेच आहे.

एक नाजूक विषय मसुद्यात हमखास राहून जातो. पोलिसांच्या युवा गटांत अधिकाऱ्यांनी अल्पवयीन मुला-मुलींचं लैंगिक शोषण केल्याची प्रकरणं या देशात अनेक ठिकाणी कोर्टात गेली आहेत. गाडीत एकटा अधिकारी आणि एकटं मूल नको, खाजगी मेसेज नकोत, आणि तक्रार खात्याच्या बाहेर, एचआरकडे किंवा स्वतंत्र व्यक्तीकडे नेता आली पाहिजे. हे खात्याच्या मॅन्युअलवर सोडू नका, ऑर्डिनन्समध्येच लिहून घ्या.

सदस्यांबद्दल थोडंच. तरुणांना एखाददुसरी शोभेची खुर्ची देऊ नका, निदान तीन तरी हव्यात, एकटं मूल प्रौढांसमोर तोंड उघडत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या युथ कमिशनवर सगळेच्या सगळे १७ सदस्य १२ ते २३ वयाचे असतात, तेव्हा हे काही अशक्य नाही. बैठक बसने येता-जाता येईल अशा वेळी आणि जागी हवी. आणि मुलं नेमणूक झाल्याबरोबर ग्रुप चॅट काढतात, ते पहिल्याच दिवशी थांबवा. बहुमत भरेल इतक्या सदस्यांनी कमिशनच्या विषयावर आपापसात चॅट केलं तर ओपन मीटिंग कायद्याचा, म्हणजे अशा मंडळांनी चर्चा लोकांसमोरच करावी या कायद्याचा, भंग ठरू शकतो. कॅलिफोर्नियात तो ब्राउन ॲक्ट. इतर राज्यांतही त्याचे भाऊबंद आहेत.

आता तुमच्या मुलीबद्दल. काही शहरांत कमिशनचा सदस्य नोंदणीकृत मतदार असावा लागतो. ही अट तुमच्याकडे असेल तर ती अठराच्या आतल्या प्रत्येकाला आणि नागरिक नसलेल्या प्रत्येकाला बाद करते, म्हणून ‘शहरातला रहिवासी’ असा बदल सुचवा. हा मुद्दा तुम्हीच मांडलेला बरा, दुसऱ्या कोणाला तो सुचणार नाही. पगारी अप्रेंटिसशिप तिला एच-४वर घेता येणार नाही, कारण त्या व्हिसावर मुलांना कामाची परवानगी नसते. कमिशनची जागा बहुधा बिनपगारी असते, पण बैठकीमागे मानधन ठेवलं असेल तर अर्ज करण्याआधी सिटी क्लार्कला ईमेलने विचारा आणि ते उत्तर तुमच्या इमिग्रेशन वकिलाला दाखवा. वकील हो म्हणाला तर तिला जरूर अर्ज करू द्या. त्याआधी तिला एका बैठकीला नेऊन पब्लिक कॉमेंटची, म्हणजे नागरिकांना बोलायला मिळतात ती, दोन-तीन मिनिटं बोलायला लावा. तिथे मागची बाकं बहुतेक रिकामीच असतात, सतरा वर्षांची मुलगी माइकपाशी आली की कौन्सिलवाले हातातला फोन खाली ठेवतात.