छोटा व्यवसाय सुरू केल्यावर तो वर्षानुवर्षे टिकवायचा कसा?

सुरू करणं त्या मानाने सोपं. धंदा अडतो तो बहुतेकदा रोख पैशावर. वहीत नफा दिसतो आणि गल्ला रिकामा, असं सर्रास होतं. तुम्ही मालाचे पैसे 15 दिवसांत चुकते करता आणि गिऱ्हाईक तुम्हाला 60 दिवसांनी देतं, तर मधले 45 दिवस तुमच्याच भांडवलावर काढावे लागतात. गंमत म्हणजे विक्री वाढली की ही तूटही वाढते. म्हणून उधारीची मुदत आधीच ठरवा, लेखी ठेवा आणि वसुलीला लाजू नका.

सवलतीचंही तसंच. 100 ला विकलेल्या वस्तूमागे 20 सुटत असतील आणि तुम्ही 10 टक्के सूट दिलीत, तर तेवढाच नफा मिळवायला दुप्पट माल विकावा लागतो. हा हिशेब न करता सूट देणारे खूप!

घरखर्चाचं खातं वेगळं ठेवा, स्वतःला ठरावीक पगार घ्या. आणि निम्मी विक्री एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असेल तर आजच दुसरी शोधायला लागा. ते अचानक तुटलं तर सावरायला वेळ मिळत नाही. लोगो, जाहिरात वगैरे नंतर बघता येईल.